कस्तुराबाईंची तबकडी

कस्तुराबाईंना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यावर राजाचा मुकुट होता. पुठ्ठ्याचा, वर बेगड चिकटवलेला. १९५३ साल असावं. कुसगावच्या जत्रेत आमच्या लोकनाट्य मंडळीचा खेळ रंगात आला होता. मी सिंहासनावरून गरजलो, "कोण आहे रे तिकडे?" आणि नेमका त्याच क्षणी पलीकडच्या आळीतल्या हळदीच्या मांडवातून एक आवाज उठला. उंच, सरळ, कुठेही न थरथरणारा. समोर बसलेल्या बायका एकेक करून उठल्या आणि पदर सावरत तिकडे निघाल्या. त्यांच्या मागे पोरं. प्रधान माझ्या कानाशी लागला, "महाराज, प्रजा चालली." शेवटी मीही मुकुट काखेत मारला आणि प्रजेच्या मागे गेलो.

मांडवात नवरीशेजारी एक तरुण बाई बसली होती. कोपरापर्यंत हात हळदीने पिवळे. नवरीचं नाव, तिच्या माहेरची विहीर, तिची रुसणारी धाकटी बहीण, सगळं गाण्यात येत होतं आणि मांडव हसत होता, मधूनच डोळे पुसत होता. ही कस्तुराबाई. नवरा भिमाजी रेल्वेत गँगमन, घरची भातखाचरं तिच्या अंगावर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

पुढे आमची मंडळी मोडली. मी लोणावळ्याच्या बाजारात पेटी शिकवायला बसलो आणि कस्तुराबाईंच्या गाण्यामागे पेटी धरू लागलो. म्हणून त्यांची रीत मला जवळून बघायला मिळाली. लग्नाचं बोलावणं आलं की त्या आदल्या दिवशीच नवरीकडे जायच्या. तिच्याबरोबर तांदूळ निवडायच्या, तिला बोलतं करायच्या. तुला कशाची भीती वाटते, कुठलं झाड सोडवत नाही, असलं काहीबाही विचारायच्या. हळदीला गाणं तयार. ते एकदाच म्हणायचं. मग नवरीची ओटी भरायची, नारळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "हे गानं तुज्या वटीत घातलं. आता ते तुजं. मला लागलं तर तुला इचारीन."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. ती गाणी मांडवातल्या बायकांबरोबर गावोगाव गेली. भाताच्या आवणीच्या चिखलात, जात्यावर, चिक्कीच्या कारखान्यात शेंगदाणे सोलताना, सगळ्या मावळात कस्तुराबाईंची गाणी चालायची. फक्त कस्तुराबाई ती म्हणायच्या नाहीत. कुणी आग्रह केला तर हसून सांगायच्या, "ते शालनचं हाय. तिला इचारा." लोकांना वाटायचं बाई भाव खातेय.

अशी वीस वर्षं गेली. १९७४ च्या थंडीत तुंगार्लीच्या एका बंगल्यात मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचे एक साहेब हवापालटाला आले. बागेत काम करणाऱ्या बायका गात होत्या. साहेबांनी चौकशी केली, गाणं कुणाचं? दुसरं? तिसरं? प्रत्येक वेळी एकच नाव. दुसऱ्या दिवशी वाट दाखवायला मला घेऊन साहेबांची गाडी कुसगावात आणि निम्मं गाव गाडीभोवती.

साहेब माणूस चांगला, बोलणंही मोकळं. म्हणाले, "बाई, तुमची आजवरची गाजलेली सगळी गाणी एका मोठ्या तबकडीवर घेऊ. बारा गाणी. तुमचं नाव, तुमचा फोटो. संक्रांत झाली की मशीन इथंच बंगल्यावर आणतो."

कस्तुराबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. निखारा फुंकत त्यांनी विचारलं, "ती तबकडी ऱ्हाती किती दिस?"

"जपली तर आपल्या मागेही राहील."

फुंकणी खाली ठेवली गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या उठल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "मग करायची. पर गानी माज्याकडं न्हाईत. ज्यांची हायत त्यांच्याकडनं आनावी लागतील."

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी ओटीची रीत समजावून सांगितली. त्यांनी डोक्याला हात लावला नाही, एवढंच. "अहो, गाणी यांनी रचली. विचारायचं कुणाला?"

"दिल्यालं दिलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "मास्तर, वहाना घाला."

मग आमची पायपीट सुरू झाली. कुठे एसटी, कुठे बैलगाडी, बाकी पाय. मी वाटेत धापा टाकायचो तर त्या पुढून ओरडायच्या, "मास्तर, हितं तुमाला पालखी न्हाई. राजेपन घरी ठिवून या." बहुतेक बायकांनी हसत दिलं. शालन आता स्वतःच सासू झाली होती. ती म्हणाली, "घिऊन जा मावशी, पर त्यात माज्या सासूला गरीब गाय म्हनलंय, त्ये तेवडं काढा. बाईनं मला लय छळलं."

"ती गाय तूच सांगितलीस की गं!"

"तवा कुटं ठावं हुतं शिंगं हायत म्हनून!"

कडवं तसंच राहिलं. शालनची सासू आतल्या खोलीतून ओरडली होती, "ऱ्हाऊ द्या, लय ग्वाड हाय त्ये."

अशी अकरा गाणी गोळा झाली. राहिलं बारावं, झुंबरबाईचं, मुकुट काखेत मारून मी ऐकलेलं तेच. सगळ्यांत गाजलेलं. मावळात एकही लग्न त्याच्याशिवाय लागत नसे.

*झुंबर निघाली पवनेकाठी,*
*हळद ओली हाती गं*
*सोन्याचा उंबरा सासरघरी,*
*माप लवंडून ये आती गं*

झुंबरबाईचं सासर पवनेच्या काठी होतं. होतं म्हणजे, आता नव्हतं. धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं, घर, खाचर, आंब्याची झाडं पाण्याखाली गेली. ती वरच्या माळावर कुडाचं घर बांधून राहत होती. नवरा विठ्ठल देहूरोडच्या डेपोत हमाली करायचा आणि आठवड्याने घरी यायचा.

आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात शेणी थापत होती. कस्तुराबाईंना बघून तोंडभर हसली, पाणी दिलं, चहा टाकला. कशासाठी आलो ते ऐकलं मात्र, आणि हसू गेलं.

"न्हाई मावशी. दुसरं काय बी मागा."

"का गं?"

"का म्हंजे? सोन्याचा उंबरा म्हनलाय तुमी. कुटं हाय उंबरा?" तिने हात खाली पाण्याकडे केला. "तितं हाय. त्या निळ्याच्या मधी. आता तबकडी वाजनार, हाटेलात, मांडवात, कर्न्यावर. आन् लोकं म्हननार, झुंबरीचा सोन्याचा उंबरा बगा. मी मान वर करून बाजारात जायाचं कसं?"

मी तोंड उघडलं. नाटकी माणूस, मला वाटलं चार वाक्यांत मन वळवीन. कस्तुराबाईंनी नुसता हात वर केला आणि माझी वाक्यं जागेवर राहिली.

"तुजं हाय," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनायचा हक्क बी तुजाच."

चहा पिऊन आम्ही निघालो. उतारावर त्यांचा पाय सरकला, पण हात दिला तर घेतला नाही.

बंगल्यावर साहेब आधी समजुतीने बोलले, मग वैतागले. "बाई, या गाण्याशिवाय तबकडी निघणार नाही. वर मी काय सांगू? लोक हेच गाणं मागणार. बरं, नाव काढा. झुंबरच्या जागी नवरी म्हणा, पवनेच्या जागी गंगा. कुणाची काय तक्रार?"

"साहेब, तुमच्या पोरीचं नाव काय?"

"का?"

"तिला हाक मारताना नाव काढून नुसती पोरी म्हना बगू. येईल?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "मशीन सोमवारी येतंय. बारा गाणी असतील तर तबकडी. नाहीतर माझा इलाज नाही."

तबकडी हवी होती कस्तुराबाईंना. फार हवी होती. त्या रात्रीचा स्वयंपाक भिमाजीनेच केला, कारण या नुसत्या बसून होत्या. तो मला म्हणाला, "मास्तर, तुमी तरी सांगा. आपल्याच त्वांडचं गानं. म्हनलं तर कोन फाशी देतंय?" त्याचंही खोटं नव्हतं. त्या चटकन म्हणाल्या, "आन् मग बाकी अकरा जनींच्या वटीत मी काय घातलं? वारा?"

सकाळी त्यांनी पुन्हा वहाणा घातल्या. मी विचारलं, "मन वळवायला?"

"न्हाई. तिच्या उंबऱ्याचं मी चुकीचं गायलं, आसं ती म्हनती. मग खरं काय त्ये ऐकायला."

त्या दिवशी झुंबरबाईच्या घरी गाण्याचा विषयही निघाला नाही. दोघींनी बसून नाचणी पाखडली. लग्नाआधी बसत तशाच. कस्तुराबाई विचारत होत्या. पाणी चढलं तेव्हा आधी काय बुडालं? घरातून शेवटी काय उचललंस? झुंबरबाई आधी तुटक बोलली, मग सुटली. विठ्ठल पोरांना घेऊन वर निघून गेला तरी ही उंबऱ्यावर बसून राहिली होती. पाणी पायरीला लागलं तेव्हा उठली आणि दारापुढचा पायरीचा दगड डोक्यावर घेऊन माळ चढली. तोच दगड आता या कुडाच्या दाराला लावला होता. मी दोनदा त्याच्यावरून आत-बाहेर केलं होतं आणि खाली पाहिलंसुद्धा नव्हतं.

झुंबरबाईने सूप मांडीवर टेकवलं. सुपातली नाचणी तशीच राहिली. मग पाण्याकडे बघत, जाड्या भरड्या आवाजात, ती आपलं गाणं पुटपुटू लागली. पहिलं कडवं झालं. पुढचं कडवं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

*सोन्याचा उंबरा पान्याखाली,*
*मासं येती-जाती गं*
*माळावर दुसरा मीच घातला,*
*दगूड आनला माथी गं*

कस्तुराबाईंनी सूप खाली ठेवलं. "पुन्ना म्हन."

तिने पुन्हा म्हटलं. या खेपेला मान वर करून.

"ह्ये आसं आसंल तर वाजू दे," झुंबरबाई म्हणाली. "पर मावशी, गानं मी देनार न्हाई. मी सोता म्हननार."

मी दचकलो. कस्तुराबाईंच्या जन्मभराच्या तबकडीवर सगळ्यांत गाजलेलं गाणं दुसरीच बाई म्हणणार, तेही असल्या घोगऱ्या आवाजात! मी कस्तुराबाईंकडे पाहिलं. क्षणभर त्यांचं तोंड उतरलं होतं, हे मी खोटं कशाला सांगू? एकवीस वर्षांपूर्वी एकदाच म्हटलेलं गाणं, पुन्हा म्हणायची हीच एक संधी. मग त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळच्या एसटीनं ये. डोकीला त्याल लाव, फोटू काडतील."

सोमवारी तुंगार्लीच्या बंगल्यात खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. तरी घाटात इंजिनाने शिटी दिली की मशीनवरचा माणूस हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं. कस्तुराबाईंनी अकरा गाणी म्हटली. काय म्हटली! मी पेटीवर होतो म्हणून सांगतो, मोठ्या थिएटरातून टाळ्या घेतलेला माणूस मी, पण तसा भरलेला आवाज कुठल्या पडद्याआडून ऐकला नाही. मग त्या उठल्या आणि आपल्या जागेवर झुंबरबाईला बसवलं.

"हे काय?" साहेब आले पुढे. "तबकडी तुमच्या नावाची आहे."

"माज्याच नावाची हाय. म्हनून तर माज्या मनासारकी व्हनार. ही म्हनल, मागं झील मी धरीन. न्हाईतर ती अकरा बी पुसा."

"पुसा?"

"पुसा. चला मास्तर, पेटी मिटा."

मी पेटीचा भाता बंद केला. आयुष्यात पुष्कळ खोटे प्रसंग वठवले, हा खरा होता. साहेबांनी मशीनवरच्या माणसाकडे पाहिलं. तो खांदे उडवून म्हणाला, "साहेब, एकदा ऐकून तर घेऊ. फीत काय, पुन्हा वापरता येते."

झुंबरबाईने पदर खोचला. पहिल्या ओळीला आवाज चिरकला. दुसरीला लागला. आणि नव्या कडव्याला मागून कस्तुराबाईंची झील आली, अगदी खाली, तिच्या आवाजाला हात देऊन धरल्यासारखी. मासं येती-जाती, येती-जाती. गाणं संपल्यावरही मशीनवरच्या माणसाने फीत थांबवली नाही. साहेब गोधडीचा कोपरा बाजूला करून बाहेर बघत उभे होते. वळून एवढंच म्हणाले, "हिचंही नाव छापावं लागेल. पूर्ण नाव सांगा."

पावसाळ्याच्या तोंडाला तबकडी आली. वर कस्तुराबाईंचा फोटो, डोळे मोठे केलेले, जणू भूत पाहिलंय. लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीवाल्याने कर्ण्यावर लावली. शेवटचं गाणं लागलं तसा एक गिऱ्हाईक म्हणाला, "ही मधीच कोन भसाडी आली?" कस्तुराबाई तिथेच गूळ बघत होत्या. "जिचं गानं हाय ती," त्या म्हणाल्या. "तुमी चिक्की खा."

मग नारळ, खण आणि एक तबकडी घेऊन आम्ही माळावर गेलो. झुंबरबाईला दाराशी बसवून कस्तुराबाईंनी ओटी भरली. तांदूळ झाले, नारळ झाला आणि वर ती काळी भलीमोठी तबकडी. ती काही पदरात राहीना, घसरून तांदळावर पडली.

"आगं बया, येवडं मोटं ताट माज्या वटीत मावतंय व्हय!" झुंबरबाई हसून म्हणाली. "आन् मावशी, वाजवायची कशावं? माज्याकडं यंत्र कुटं हाय?"

"तुला कशाला यंत्र?" कस्तुराबाई त्या दगडावर तिच्या शेजारी टेकल्या. "म्हन. आज झील मी वर धरती."