मामींच्या उशाशी

ऑपरेशनच्या खोलीत वॉर्डबॉय मामांचं काम असं: कमरेत भुलीची सुई द्यायची असली की पेशंटला छातीशी वाकवून धरायचं आणि मग उशाशी स्टूल टाकून बडबडायचं. कमरेखाली बधिर झालेला माणूस कानांनी चांगला जागा असतो. डॉक्टरांचं नको ते बोलणं त्याच्या कानी पडू नये म्हणून मामांच्या तोंडाचा पट्टा सुरू. कोणाची सून रुसली, कोणाच्या टकलावर विग आला, सगळं ताजं! नाव पडलं रेडिओमामा. तीस वर्षांत रेडिओ कधी बंद पडला नव्हता.

मग मामींच्याच मूत्रपिंडात बोराएवढा खडा निघाला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही चालेल. पूर्ण भूल दिली तर घशात नळी, पण काही कळणार नाही. कमरेत दिली तर नंतर दुखणं-मळमळणं कमी. मात्र दीडेक तास जागेपणी पालथं पडायचं."

"मला झोपवूनच टाका बाई. यांची बडबड घरी काय कमी ऐकते?"

"अगं, तुझा दमा! नळी कशाला? मी आहे ना उशाशी."

मामी मुळात भित्र्या. पण नवऱ्याचा शब्द चारचौघांत खाली कसा पाडायचा? झाल्या तयार.

त्या दिवशी मामा भलतेच रंगात. पाठीतून दुर्बीण आत गेली, खडा फुटू लागला. इकडे लिफ्टवाल्यानं केस रंगवले आणि बायकोनं त्याला दारातूनच परत पाठवलं, हे मामांचं चाललेलं.

"हसवू नका हो, पाठ हलेल," गाल उशीवर दाबून मामी कुजबुजल्या.

तेवढ्यात सर्जन थांबले. पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "खड्यामागे गाठ आहे. लक्षण बरं नाही. तुकडा तपासायला घ्या."

अशा वेळी आवाज चढवायचा, हा मामांचा शिरस्ता. त्यांनी तोंड उघडलंही. पण गोष्टीतला लिफ्टवाला दारातच उभा राहिला.

"अहो, कसली गाठ?"

मामा स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले.

डॉक्टरीणबाई वाकल्या. "मामी, झोपेचं औषध देऊ का?"

"आता कशाला? आधी यांना कोणीतरी पाणी द्या."

आठवड्यानं रिपोर्ट आला. मामांनी तो सदऱ्याच्या आत दडवला आणि घरी जाऊन चपला काढल्या. मामींनी तोंडाकडे पाहिलं, हात पुढे केला.

"द्या इकडे. आणि बसा माझ्याजवळ."