साडी बदलून ये

"तुम्ही उठा. सवाष्ण दुसरी बोलावलीय."

पान वाढून झालं होतं. पुरणपोळीवर तूप पडलं होतं. श्रावणातला शुक्रवार, काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळ एका मराठी घरात जिवतीची पूजा. पोराबाळांच्या आयुष्यासाठी सवाष्णी जेवू घालायच्या, त्यात दरवर्षीप्रमाणे मी. डावा हात प्लास्टरमध्ये. शेजारी माझी सात वर्षांची उमा.

मला वाटलं, यांचा काहीतरी घोटाळा झालाय. मी यजमानीणबाईंकडे बघून हसले. त्या हसल्या नाहीत.

"जिनं नवऱ्याचं नाव सरकारात दिलं ती कसली सवाष्ण? पोर बसू दे. तिचा काय दोष?"

पंगतीत पाच बायका होत्या. एकीच्या बाळंतपणात मी सव्वा महिना तिच्या घरी डबा पोचवला होता. तिनंही मान वर केली नाही. मी उठले. दाराशी चपला होत्या, तिथं उभी राहिले. उमा एक घास घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. मी मानेनं खुणावत होते, जेव. तिचं पान संपेपर्यंत मी चपलांजवळ उभी होते. ते पान मी उधळलं का नाही, याचा राग मला आजही येतो. त्यांचा येतो त्याहून जास्त माझा येतो.

आमचं घर रामघाटावर. नवरा तीर्थपुरोहित. पूर्वी मी त्याला 'हे' म्हणायची, आता 'तो' म्हणते. महाराष्ट्रातून यात्रेकरू आमच्याकडे उतरायचे. तो घाटावर त्यांचं श्राद्ध करायचा आणि मी घरी सोवळ्यात स्वयंपाक. स्नान करून, वेगळं वाळत घातलेलं लुगडं नेसून बाई एकदा चुलीपाशी गेली, की बाहेरून आलेल्यानं तिला शिवायचं नाही. शिवला तर सगळा स्वयंपाक बाटला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी सोवळ्यात असले की तो मला मारत नसे. देवाला घाबरायचा नाही, पण यजमानांचं, म्हणजे त्या यात्रेकरूंचं, जेवण बाटायला घाबरायचा. मग मी सोवळं सोडेचना. माघाच्या थंडीत पहाटे गार पाण्यानं अंघोळ करायची आणि दिवसभर त्या लुगड्यात राहायची. सासूबाई गल्लीभर सांगायच्या, "आमच्या सुनेचं सोवळं बघा, कडक!" बायका कौतुक करायच्या. कौतुक कसलं डोंबलाचं! ती माझी पोलीस चौकी होती.

हात मोडला त्या दिवशी खीर खाली लागली. यजमानांसमोर तो काही बोलला नाही, उलट चार श्लोक म्हणून त्यांना आग्रह केला. ते नावेनं दर्शनाला गेले. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"साडी बदलून ये."

मी गेले. मला कुणी ओढलं नाही. लुगडं काठीनं उचलून वळणीवर टाकलं, रोजची साडी नेसले, पदर खोचला आणि त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिले. दहा वर्षांची सवय. त्यानं हात पिरगाळला. मोडल्याचा आवाज मला आला.

तेवढ्यात उमा आली. बापाचा पंचा तिनं स्वतःभोवती गुंडाळला होता, पायात येत होता. माझ्या पुढं उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मी सोवळ्यात आहे. मला शिवायचं नाही."

तो हसला. खरंच हसला. "आई, बघा तुमची नात!" सासूबाई आल्या, त्याही हसल्या. हसत हसतच त्यानं तिला बाजूला ढकललं. तिचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं.

माझी पोर माझ्याकडून काय शिकली ते मला त्या क्षणी कळलं. मार चुकवायचा कसा, एवढंच.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं माझ्या सुजलेल्या हातातल्या हिरव्या बांगड्या कापल्या. सासूबाई बाहेर बाकावर. सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "गिरने से हाथ ऐसे नहीं मुड़ता, बहिनजी. किसने किया?"

मी सांगितलं. दहा वर्षांचं सगळं पाच मिनिटांत. उमाच्या कपाळाचंही.

ती लिहायला लागली. "बच्ची को भी चोट है. अब ये ऊपर भेजना पड़ेगा. घर पर बाल कल्याण वाली मैडम आएँगी."

मी चांगल्या हातानं तिचा कागद धरला. "मत भेजिए. मेरी लड़की ले जाएँगे."

तिनं माझी बोटं सोडवली आणि लिहीत राहिली.

पुढचे दिवस मी माणसात नव्हते. दीर म्हणाले, सरकार पोरगी उचलून बालगृहात टाकतं. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या जिभेपायी गेली म्हणून समज." गल्लीत फाइल घेतलेली कुणी बाई दिसली की मी उमाला गच्चीवर पाठवायची. शाळेसमोरच्या ओट्यावर सुटी होईपर्यंत बसून राहायची. त्यानं मारल्यावरही मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. त्याच दिवसांत तो सवाष्णीचा शुक्रवार आला.

मंगळवारी मॅडम आल्या. सासूबाई मला मराठीतून पढवतच होत्या. "घाटाच्या पायरीवरून पडले म्हण. पोरगी हवी असेल तर एवढंच म्हण." चपला घालून मॅडम स्वयंपाकघराकडं वळल्या तर सासूबाई किंचाळल्या, "अरे, उधर नहीं! सोवळा है!" मॅडम थबकल्या. मग त्यांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

मॅडम काही देवी नव्हत्या. त्यांनी विचारलं, "इतने साल चुप क्यों रहीं? बच्ची को बचाया क्यों नहीं?" फाइलवर लिहीत होत्या. मारणारा घाटावर मंत्र म्हणत होता आणि जाब मला विचारला जात होता. मला संताप आला. पण प्रश्न खोटा नव्हता.

"अस्पताल में जो कहा, वो सच है?"

पडले म्हटलं असतं तर मॅडम निघून गेल्या असत्या. उमा राहिली असती. कुठं? त्याच उंबऱ्याशी. आणि एक दिवस तिच्याही नवऱ्यानं तिला साडी बदलायला सांगितली असती, आणि ती बदलून आली असती.

मी म्हटलं, "सच है. और पूरा नहीं कहा था. अब लिखिए."

मी स्वतः साडी बदलून आले, हेही लिहायला लावलं. ते सांगताना मला लाज वाटली. तरी सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बच्ची आपके पास रह सकती है. मगर उस आदमी के साथ एक छत के नीचे नहीं. या आप निकलेंगी, या वो. कोर्ट में अर्ज़ी लगेगी."

"वो निकलेगा," मी म्हटलं. दहा वर्षं चुलीपुढं मी बसले होते. मी का निघू?

कोर्टाचा हुकूम यायला तीन आठवडे लागले. तोवर मी आणि उमा मॅडमनी दाखवलेल्या सरकारी निवाऱ्यात राहिलो. उमा माझ्याच खाटेवर झोपली, कुणी नेली नाही. मग हुकूम आला आणि तो दुर्गाघाटावर भावाकडे गेला. सासूबाईही त्याच्यामागं गेल्या, आणि आम्ही दोघी घरी परतलो. मारल्याचा खटला अजून चालू आहे.

पितृपक्षाच्या तोंडावर समाजातली दोन वडीलधारी माणसं त्याला घेऊन दारात आली. तो खाली बघत म्हणाला, "झालं ते झालं. यजमान यायला लागतील. स्वयंपाकाला कोण?"

त्याला बायको नको होती, स्वयंपाकीण हवी होती. मी उंबऱ्याच्या आतून म्हटलं, "तुमचे यजमान येऊ द्यात. एकेकाला बसवून सांगते, ज्याच्या हातून पिंड देता त्या हातानं काय केलंय."

तो पांढरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वडीलधाऱ्यांतले एक म्हणाले, "सूनबाई, माफ करा. माफ करण्यात पुण्य आहे."

काशीत पुण्याला काय तोटा? माझं एवढं राहून गेलं तरी चालेल. परवा मॅडम म्हणाल्या, बच्ची ठीक आहे, आता फाइल बंद करू या. मी म्हटलं, उघडी राहू द्या. दर महिन्याला या, घर बघा, पोरीला विचारा, मलाही विचारा. माझी चूक असेल तर माझीही लिहा. पण त्याचं नाव त्या कागदावरून मी जिवंत असेतो पुसू देणार नाही. त्याला शिक्षा होईपर्यंत प्रत्येक तारखेला मी कोर्टात उभी राहणार आहे.