बर्फावरची बॅटरी

कॉलेज सोडून मला सहा महिने झाले होते, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. यवतमाळमधल्या इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं काढली. त्यामुळे गावात कुठेही गेलं की कुणीतरी "नमस्कार मॅडम" म्हणतंच. याने मात्र वाकून पायांना हात लावला आणि वाकलेला असतानाच सोबतच्या माणसाला फोटो काढायला सांगितलं. तो फोटो नंतर त्याच्या कंपनीच्या पानावर झळकला. खाली लिहिलं होतं, माझ्या गुरू. हे मला शेजारणीकडून कळलं.

त्याने लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टार्टअप काढलं होतं. इलेक्ट्रिक ऑटोसाठी झटपट चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या. "पंधरा मिनिटांत फुल, मॅडम. ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत. टेस्टिंग तुम्हीच बघायचं. तुमच्याशिवाय हे होणारच नाही."

तुमच्याशिवाय होणारच नाही, हे वाक्य मी घरात बसून रोज ऐकायला आसुसले होते. मी दुसऱ्याच दिवशी गेले. यात दोष त्याचा नाही, माझा आहे.

शेडच्या पुढच्या भागात त्याची काचेची केबिन होती, एसी लावलेली. मागे टिनाखाली आमची लॅब. भिंतींवर इंग्रजीत मोठमोठी वाक्यं रंगवली होती, अपयशातून शिकण्याबद्दल. बॅटरीचे सेल खोक्यांतून बाहेरून यायचे, आम्ही ते एका पेटीत बसवायचो. पेटी आमची, चार्जर आमचा आणि मोबाइलवरचं एक ॲप आमचं, ज्यात बॅटरी भरली की एक हिरवं पान हलायचं. याला तिथे संशोधन म्हणत. ते पान कोणत्या हिरव्या रंगाचं असावं यावर एकदा पूर्ण दुपार बैठक चालली. मीही बसले होते आणि माझं मत दिलं होतं.

थंडीत बॅटरी बरी चालली. पंधरा नाही, पण वीस-बावीस मिनिटांत भरायची. एप्रिल लागला आणि टिनाखाली उभं राहणं मुश्कील झालं. चार्जर लावला की सेल तापत जायचे आणि साठ अंशांवर गेले की सुरक्षेसाठी चार्जिंग आपोआप बंद पडायचं. मी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं.

त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, 'बंद पडली' असं नका लिहू. 'थर्मल लर्निंग' लिहा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बॅटरी शिकतेय."

एकवीस वर्षांत न शिकणारी पोरं मी पुष्कळ पाहिली होती, शिकणारी बॅटरी पहिल्यांदाच ऐकत होते. मी "बंद पडली" असंच लिहीत राहिले. मग त्याने चार्जरची मर्यादाच साठवरून वर नेली. मी हरकत घेतली तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमची पिढी फार घाबरते."

चाचणीसाठी एक ऑटोवाला धरला होता. बोरी अरबकडचा, चाळिशीतला माणूस. घरची कपाशी भाऊ बघायचा आणि हा यवतमाळच्या बसस्टँडवरून सवारी मारायचा. त्याच्या ऑटोतल्या चार जुन्या बॅटऱ्या काढून आमची पेटी बसवली होती. जुन्या बॅटऱ्या कंपनी सांभाळून ठेवील, असं त्याला सांगितलं होतं. तो रोज चार्जिंगला यायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा.

"कशी चालते भाऊ?" मी विचारायचे.

"भरते लवकर, मॅडम. पण दुपारी सीट अशी तापते का सवारी उठून उभी राह्यते. परवा एक बाई म्हणे, खाली चूल पेटवली का?"

हेही मी रजिस्टरमध्ये लिहिलं. साहेबांनी, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्यानेच, ते वाचून सीटला जाड फोम लावायला सांगितला.

मे महिन्यात बाहेरगावाहून तीन पाहुणे यायचे ठरले. त्यांना आवडलं तर ते कंपनीत पैसे घालणार होते. प्रात्यक्षिक ऐन दुपारी, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत. त्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर गेटवर मालवाहू ऑटोतून बर्फाच्या लाद्या उतरत होत्या. मला वाटलं, पाहुण्यांच्या सरबतासाठी असतील. लाद्या सरबताकडे गेल्या नाहीत. त्या फोडून ऑटोतल्या पेटीच्या चारही बाजूंनी भरल्या गेल्या, वर गोणपाट आणि गोणपाटावर सीट. तापमान मोजणारी वायर मी स्वतः सेलच्या अंगाला चिकटवली होती. ती काढून बर्फाजवळच्या पत्र्याला लावलेली होती.

"हे काय आहे?" मी साहेबांना विचारलं.

"कूलिंग, मॅडम."

"ही फसवणूक आहे. मी आकडे वाचणार नाही."

इतर वेळी तो माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायचा, अर्धी इंग्रजी घालून. चिडला की मात्र त्याचा यवतमाळ बाहेर यायचा. "काहून? काहून नाही वाचणार? स्क्रीनवर जे दिसते थेच वाचाचं आहे ना तुमाले? खोटं कुठे बोलून राह्यल्या तुम्ही?"

आणि मी वाचले. हे सांगायला मला अजूनही लाज वाटते. तिन्ही पाहुणे छत्रीखाली उभे होते. एकाने घड्याळ लावलं. चार्जर सुरू झाला आणि मी माझ्या वर्गातल्या आवाजात आकडे सांगत गेले. एकोणतीस. तीस. एकतीस. सगळी दुपार भाजून निघत होती आणि बॅटरी एकतीस अंशांवर होती. तिघांपैकी कुणालाही यात नवल वाटलं नाही.

मग ऑटोखालून पाणी आलं. आधी थेंब आणि मग बारीक धार. ती सरळ पाहुण्यांच्या बुटांकडे गेली. त्यांतल्या वयस्कर गृहस्थाने पाय मागे घेतला आणि ऑटोवाल्याला विचारलं, "काय हो, उन्हाळ्यात कशी चालते ही?"

साहेबांनी त्याला काय बोलायचं ते पाठ करून दिलं होतं. तो पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आज तर मस्त चालून राह्यली साहेब. पण रोज मले बर्फ कोन देईल?"

मला वाटलं, संपलं, सुटलो. मग साहेब मोठ्याने हसले. "विदर्भाचा सेन्स ऑफ ह्यूमर!" पाहुणेही हसले, टाळ्या वाजवल्या. वयस्कर गृहस्थ म्हणाले, या कूलिंगच्या कल्पनेत दम आहे. सरबत झालं. त्यात बर्फ नव्हता, तो सगळा ऑटोत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं काही झालं नाही. मी छान झोपले. सकाळी उठून खऱ्या नोंदींची पानं काढली, फोटो घेतले आणि वयस्कर गृहस्थाला पाठवले. सोबत सरळ मराठीत लिहिलं की एकतीस हा आकडा बर्फाचा होता, बॅटरीचा नव्हता. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: मनापासून दिलेल्या अभिप्रायाबद्दल आभार. त्यांनी पैसे घातलेच. फसवणाऱ्याची मला चीड येत होती, पण ज्याला फसायचंच आहे त्याचं काय करायचं हे मला आजवर कळलेलं नाही.

आठवडाभराने दारव्हा रोडच्या चढावावर ऑटो बंद पडला. आत दोन सवाऱ्या होत्या. सीटखालून वास आला म्हणून ऑटोवाल्याने त्यांना आधी उतरवलं आणि मग पेटी उघडली. सेल पुरणपोळीसारखे टम्म फुगले होते. आग लागली नाही, एवढंच. ओळखीच्या ट्रॅक्टरमागे ऑटो बांधून तो लोहाऱ्याला आला आणि केबिनच्या दारात उभा राहिला.

"साहेब, मायावाल्या जुन्या बॅटऱ्या देऊन द्या. मले तुमची नाई पाह्यजे."

"बघतो. स्टोअरमध्ये शोधायला लागतील. पुढच्या आठवड्यात ये."

शोधायला काही लागणार नव्हतं. मी केबिनच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं जिथे साहेबांचा इन्व्हर्टर ठेवला होता. वीज गेली तरी केबिनचा एसी चालू राहायचा, ते मी रोज बघत होते. कशावर चालतो हे मात्र कधी वाकून बघितलं नव्हतं. वाकले. चार बॅटऱ्या, त्यांवर ऑइलपेंटने त्याच्या ऑटोचा नंबर लिहिलेला.

मी मागच्या लॅबमधून पाना आणला, इन्व्हर्टर बंद केला आणि वायरी सोडवायला लागले.

"मॅडम, काय करून राह्यल्या?" साहेब उठले. "थांबा ना! आत्ता व्हिडिओ कॉल आहे माझा!"

"बॅटरी शिकतेय," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

चारही बॅटऱ्या मी आणि ऑटोवाल्याने एकेक करून उचलून नेल्या. कंपनीतले आठ इंजिनिअर आपापल्या स्क्रीनकडे बघत बसले. त्यांतला एकही उठला नाही आणि एकानेही अडवलं नाही. साहेब तेवढं म्हणाले की यामुळे माझ्या अनुभवाच्या प्रमाणपत्रावर परिणाम होईल. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं.

जोडणी करायला तासभर गेला. त्या बॅटऱ्या जुन्या होत्या, भरायला अख्खी रात्र घेणाऱ्या. पण एसीसाठी रोज चार्ज होत असल्यामुळे ऑटो लगेच सुरू झाला. मी हात पुसत त्याला म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी खोटे आकडे वाचले. तुमच्या गाडीत माणसं बसतात हे माहीत असून वाचले."

त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही आणि बरं वाटल्यासारखंही नाही. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "वायर त्यायनं मायासमोरच हलवली. म्या तरी कुठे सांगतलं?"

मग त्याने सीटवरचा तो जाड फोम उचकटून शेडच्या भिंतीशी फेकला आणि विचारलं, "स्टँडपर्यंत येता का?"

मी बसले. सीट कडक होती, पण थंड.