खटका दुसऱ्याच्या हातात

सौसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला बोर्ड त्या काळी हाताने चालत असे. लाकडी कपाटाएवढा बोर्ड आणि त्यावर ओळीने पितळी झडपा. गावात कोणी फोनचे हँडल फिरवले की त्याच्या नंबराची झडप पडायची. ऑपरेटरने ती पाहायची, तिच्याखालच्या भोकात प्लग घालायचा, कोणता नंबर हवा ते विचारायचे आणि जोडून द्यायचे. माझे वडील माझ्या जन्माआधीपासून तिथे ऑपरेटर होते.

सकाळच्या झडपांना एक क्रम असे. आधी कापसाचा जिनिंगवाला, मग नागपूरचा भाव विचारणारे संत्र्याचे व्यापारी, मग तहसील. झडप पडायच्या आत वडिलांचा हात तिकडे वळलेला असतो, असे त्यांचे सहकारी कौतुकाने सांगत. क्रमाबाहेर पडणारी झडप बहुधा दवाखान्याची असे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, एका हिवाळ्यात, वडिलांना उजव्या अंगावर लकवा मारला. बोलणे लवकर परतले, पायही ओढत का होईना चालू लागला. हात मागे राहिला. नागपूरच्या डॉक्टरांनी बोटे चालती ठेवायला सांगितले. खात्याने रजा दिली. रजा संपताना छिंदवाड्याच्या जिल्हा रुग्णालयातून फिटनेसचा दाखला आणायचा होता. तो मिळाला तर बोर्डावर परत बसता येणार होते. घरातली प्रत्येक गोष्ट मग या एका प्रश्नाशी येऊन थांबू लागली.

नागपूरला नोकरी करणाऱ्या मामेभावाने माझ्या धाकट्या भावासाठी एक खेळ आणला होता. तळहातावर मावणारे यंत्र, राखाडी पडद्यावर काळी चित्रे. मध्ये तलवार घेतलेला शिपाई, भोवती किल्ल्याचे चार दरवाजे, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. साप, वटवाघूळ, चोर, आगीचा गोळा यांतले काहीतरी एका दरवाज्यातून यायचे. त्या दरवाज्याचे बटण वेळेवर दाबले तर शिपाई ते अडवायचा आणि पुढच्या मजल्यावर जायचा. तीन चुका झाल्या की शिपाई आडवा.

वडिलांनी तो भावाकडून मागून घेतला. यंत्र पाटावर ठेवून ते चारही बटणे एकट्या उजव्या हाताने दाबत. पहिल्याच मजल्यावर शिपाई कितीदा तरी आडवा झाला. मग हळूहळू तो वर जाऊ लागला. त्यांनी साप-चोरांना गावातली नावे दिली. साप आला की म्हणत, "घ्या, जिनिंगवाला आला." आग आली की म्हणत, "तहसील पेटली." आई शेगडीपाशी बसून हसायची. आकडा वाढत गेला. विहारात भेटणाऱ्या बायकांना आई सांगू लागली की यांचा हात आला, आता नुसता दाखलाच बाकी.

एका दुपारी यंत्राचे सेल उतरले. पडद्यावरची चित्रे फिकट होत पार दिसेनाशी झाली. फक्त टिक्‌टिक् ऐकू येत होती. वडील खेळतच राहिले आणि चूक झाली की येणारा कर्कश आवाज एकदाही आला नाही.

भाऊ टाळ्या वाजवायला लागला. "बाबा डोळे मिटून खेळून राहिले!"

वडिलांनी हात उचलला. मग म्हणाले, "पोरी, हे यंत्र दरवेळी एकाच क्रमानं चालते काय?"

मी पाहिले होते, पण सांगितले नव्हते. बंद करून पुन्हा चालू केले की तेच सुरू व्हायचे : साप, साप, चोर, वटवाघूळ. क्रम कधीच बदलत नसे.

"म्हणजे हात नाई खेळून राहिला," ते म्हणाले. "पाठांतर खेळून राहिलं."

तसले सेल सौसरमध्ये मिळत नव्हते. ते नागपूरहून येईपर्यंत भावाने बुटांच्या खोक्यावर तोच खेळ केला. खोक्याला चार खिडक्या कापल्या आणि मागे बसून तो मनाला येईल त्या खिडकीतून कागदी साप पुढे करू लागला. वडील समोरून बोट ठेवत. दोन दिवस ठीक चालले. मग वडिलांनी तो बंद केला. साप उजवीकडून काढायचा असला की भाऊ आधी नाक ओढतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

सेल आल्यावर वडील ते यंत्र घेऊन पांढुर्ण्याला गेले. मी सोबत होते. बाजारात संत्र्याच्या गाड्या लागल्या होत्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात त्यांनी काय हवे ते सांगितले : एक खटका बाहेर काढायचा, तो दाबला की डावी बटणे उजवीकडची व्हावीत आणि उजवी डावीकडची, आणि तसे झाले की लाल दिवा लागावा. खटक्याची तार लांब हवी, दुसऱ्याला हातात धरता येईल एवढी.

दुकानदाराने यंत्र उलटेपालटे करून पाहिले. "बाबूजी, लोकं बिघडलेलं सुधरवायले आणतेत. तुम्ही चांगलं बिघडवायले आणलं."

"बिघडव ना बाप्पा. पण नीट बिघडव."

"हाव, बिघडवतो. उद्या पोरगं रडलं तर माझ्याकडे आणू नका."

"पोरगं मीच आहो," वडील म्हणाले.

संध्याकाळपर्यंत काम झाले. घरी आल्यावर खटका माझ्याकडे आला. मी पाटाच्या दुसऱ्या बाजूला, पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि वाटेल तेव्हा खटका दाबायचे किंवा सोडायचे. वडिलांनी साप पाहायचा, दिवा पाहायचा आणि मग बटण ठरवायचे. पहिल्या दिवशी शिपाई पहिल्या मजल्यावर आडवा झाला. खेळ हातात घेतला त्या दिवशी जिथे होता तिथेच.

त्यांनी यंत्र कपड्यात गुंडाळून ठेवून दिले. काही दिवसांनी स्वतःच काढले. त्यानंतर रोज संध्याकाळी खेळ होऊ लागला. मी अभ्यासात असले की खटका आई धरायची. प्रगती होती, पण फार थोडी. डोळ्याला कळायचे आणि हाताला उशिरा कळायचे. मधला वेळ कमी होत होता, पण संपत नव्हता. या काळात साप-चोरांना कोणी नावे दिली नाहीत.

रुग्णालयात काय करायला लावतात, हे त्यांनी आधी जाऊन आलेल्यांकडून विचारून घेतले होते. हात खांद्यापर्यंत उचलणे, पकड, शर्टाची गुंडी लावणे, सही. घरी आई त्यांच्याकडून तेवढेच करवून घेई. छिंदवाड्याला तेवढेच विचारले गेले. दाखला मिळाला. बसमधून उतरल्या उतरल्या आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली.

त्या संध्याकाळी त्यांनी पाट मांडला. आईने खटका उचलला, तेव्हा त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तुह्याकडे नको. तू दया करते. मी चुकलो की तू खटकाच दाबत नाई."

"मी काहून दया करू?"

"मले दिवा दिसते ना वं."

खटका माझ्याकडे आला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "मले सोडू नको."

मी त्यांना सोडले नाही. शिपाई तीनदा उभा राहिला आणि तीनदा आडवा झाला. तिसऱ्या मजल्याच्या वर तो गेला नाही. वडिलांनी यंत्र बंद केले.

"मी बोर्डावर बसत नाई," ते म्हणाले. "दुसरं काम मागतो."

आईला आधी ही थट्टा वाटली. मग तिचा आवाज चढला. "सरकारी डॉक्टरनं लिहून देल्लं, तुम्ही चांगले आहा म्हणून. त्याच्यापेक्षा हे खेळणं मोठं झालं काय?"

"डॉक्टरनं मले जे येते तेच विचारलं."

"मग बोर्डावर तुम्हाले काय येत नाई? सारं गाव सांगते, यांना झडप पडायच्या आधी समजते."

"जी रोज पडते ती समजते. दवाखान्याची कुठं रोज पडते?"

"त्याले किती वेळ लागते असा? श्वास घ्याले लागते तेवढा."

"तेवढाच," वडील म्हणाले.

आई उठून अंगणात गेली. दाखल्यासाठी तिने सहा महिने घालवले होते. गुंडी लावायचा सराव घेताना तिचा आवाज कधी चढला नव्हता. भाऊ मला हळूच म्हणाला, "तू बाबाले दोनदा सोडून दिलं असतं तर?" मी खटक्याची तार गुंडाळू लागले. तसे केले असते तर तेही त्यांना दिव्यावरून कळले असते.

दुसऱ्या दिवशी ते एक्स्चेंजमध्ये गेले. वरिष्ठांपुढे त्यांनी फिटनेसचा दाखला आणि बोर्डाऐवजी दुसरे काम द्यावे असा अर्ज, दोन्ही एकत्र ठेवले. वरिष्ठांनी विचारले की दाखल्यात तर दोष दिसत नाही, मग हे कशासाठी? खेळाचे ते तिथे बोलले नाहीत. हात उशिरा निघतो, एवढेच सांगितले. वरिष्ठांनी परत विचार करायला आठवडा दिला. आठवड्याने वडिलांनी तेच सांगितले. बोर्डावर बोरगावकडचा एक तरुण ऑपरेटर आला. सुरुवातीला तो जिनिंगवाल्याला तहसील जोडून देई, अशा तक्रारी येत. आई त्या ऐकून वडिलांकडे पाहायची. वडील म्हणत, "त्याच्या हाताले काय झालं? शिकंल."

वडिलांना पांढुर्ण्याला परगावचे ट्रंक कॉल नोंदवायच्या खिडकीवर काम मिळाले. रोज सकाळच्या बसने जायचे, संध्याकाळी परत. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. अक्षर शाळकरी मुलासारखे यायचे, पण वाचता येत होते.

पहिल्या दिवशी ते परत आले तेव्हा आईने पाणी दिले. त्यांच्याशी ती बरेच दिवस कामापुरतेच बोलत होती. पेला परत घेताना तिने विचारले, "कसं आहे तिथं?"

"बरं आहे," वडील म्हणाले. "लोकं खिडकीशी येऊन उभे राहतेत. माझं लिहून होईपर्यंत थांबतेत."