कणकणीपुरता शब्द

“वाईट बातमी एकदम देऊ नये, आधी तिची सावली पाठवावी,” हॅलोबाई एकदा म्हणाल्या होत्या. हे नाव आम्हा शेजाऱ्यांनी ठेवलेलं. एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी उभा जन्म काढला. साहेब रजेवर असोत की फोन टाळत असोत, इंग्रजी बोलणाऱ्याला त्या मधाळ आवाजात सांगत, साहेब आज ‘अंडर द वेदर’ आहेत. म्हणजे जरा कणकण आहे. पलीकडचा निश्चिंत होई.

पुढे त्या थोरल्या भावाकडे राहू लागल्या. भावाची एकुलती मुलगी लहानपणीच आईबरोबर परदेशी गेलेली, मराठी विसरलेली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बापलेकीचं फोनवरचं बोलणं हॅलोबाईंच्या जिभेवर चाले.

भावाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तो दवाखान्यात असतानाच मुलीचा फोन आला. हॅलोबाईंनी सवयीने सांगितलं, बाबा जरा ‘अंडर द वेदर’ आहेत.

“काय म्हणाली?” भावाने कॉटवरून विचारलं.

“काळजी घ्या म्हणाली.”

“येते नाही म्हणाली?”

“तिच्या जिवाला कशाला घोर, दादा?”

“अगं, तूच सांगायचीस ना, साहेबाला सर्दी झाली की ते ‘वेदर’ म्हणायचं? माझी छाती उघडणार आहेत, बाई. तिला वाटलं असेल, म्हातारा शिंकतोय.” तो हसला, मग भिंतीकडे वळला. “त्याआधी एकदा बघायची होती तिला.”

हॅलोबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. गोड शब्द ओठांवर येत होते, एकही कामाचा नव्हता. शेवटी त्यांनी फोन लावला. इंग्रजीतच, पण साखर न पेरता सांगितलं, “तुझ्या बाबांचं हृदय थकलंय. सोमवारी ऑपरेशन आहे. कठीण आहे. तू ये.”

नेहमीसारखं ‘काळजी करू नकोस’ हॅलोबाईंनी पुढे जोडलं नाही.

“येते, आत्या,” मुलगी म्हणाली. ‘आत्या’ एवढं मराठीत.

रविवारी दुपारी ती बॅगेसकट खोलीत शिरली.

“केवढी झालीस गं!” भाऊ उठून बसायला धडपडला.

मुलीला कळलं नाही. दोघांनीही हॅलोबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात मुलीने बापाच्या पाठीशी उशी सरकवली, त्याने तिचं मनगट धरलं, आणि कुणाचंच लक्ष त्यांच्याकडे उरलं नाही.

हॅलोबाईंनी थर्मास उचलला, आणि एक अक्षर न बोलता त्या खोलीबाहेर पडल्या.