तेवीस घरांचं उत्तर

बोरनळीला जायचं तर लोहाऱ्यात एसटी सोडायची आणि ज्वारीच्या रानातून दीड कोस चालायचं. माती काळी. पाऊस झाला तर पायातली चप्पल ओढून घेते, नाही झाला तर हात जाईल एवढ्या भेगा दाखवते. थोडं पुढं गेलं की कानडी मुलूख, त्यामुळं निम्मी घरं चुलीपाशी कानडी बोलतात आणि भांडायला मराठी वापरतात. मधोमध महादेवाचं देऊळ, त्याला लागून चावडी, सोसायटीची कचेरी, शाळा. मग ओढा. ओढ्यापलीकडं तेवीस घरांचा बौद्धवाडा. जिल्ह्याच्या नकाशात हे सगळं मिळून एकच टिंब आहे. नकाशा काढणाऱ्याला ओढा दिसला नसावा. पुतळाबाईला मात्र तो लग्न होऊन आल्या दिवसापासून दिसत होता.

पुतळाबाई अंगानं काटक आणि तोंडानं फाटकी. छप्पन साली घरातले देव तिनं स्वतः टोपलीत भरून ओढ्यात सोडले. सासू छाती बडवत होती, तर म्हणाली, "इतकी वरसं त्यास्नी सांभाळलं, आता त्यांचं त्यांनी बघावं." तिशी उलटल्यावर लेकाच्या पाटीवर ती स्वतःचं नाव गिरवायला शिकली. पाच अक्षरं लिहायला तिला बराच वेळ लागायचा आणि त्या वेळात कुणी घाई केली तर ती लेखणी खाली ठेवून त्याच्याकडं बघत बसायची.

बहात्तरच्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. त्या साली सगळ्यांचीच पोटं खपाटीला गेली, त्यामुळं कोण कुणाच्या शेजारी बसलं हे बघायला कुणाला सवड नव्हती. तिच्या ढिगाशी वरच्या आळीची लक्ष्मम्मा बसायची, लिंगायताची विधवा. हातोडा दोघींत एक. रेशनवर आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी दोघींनी वाटून खाल्ली आणि लक्ष्मम्मा पुतळाबाईच्या तांब्यातलं पाणीही प्याली. पुढच्या साली पाऊस झाला. ज्वारी आली, दुष्काळ गेला आणि जाताना तो तांब्याही घेऊन गेला. तरी ओढ्यावर गाठ पडली की लक्ष्मम्मा लांबून का होईना, थांबून बोलायची. पुतळाबाईनं तेवढ्यावर समाधान मानलं होतं, आणि माझ्या मते तिथंच तिचं चुकलं.

ऐंशीच्या सुमाराला धरणाचं ठरलं. बोरनळी पाण्यात जाणार, वर माळावर नवं गावठाण बसणार, राहत्या घराला एक प्लॉट मिळणार. घरं मोजायला पुण्याकडचा एक तरुण कारकून आला, तोही ऐन पौषात. पौषात बौद्धवाड्यात काय असणार? दाराच्या कड्यांना बांधलेल्या दोऱ्या. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं सांगली-साताऱ्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांना ऊस तोडायला गेलेली. पुतळाबाईचा मच्छिंद्रही बायकोला घेऊन गेला होता. मागं राहिली ती चार खोकणारी म्हातारी माणसं, शेरडं आणि पुतळाबाई. तेवीस घरांच्या वतीनं बोलायचं तिच्यावर आलं.

कारकुनाबरोबर कल्याणप्पा होता, सोसायटीचा चेअरमन. बियाणं त्याच्या हातून, खत त्याच्या हातून, आणि गावठाणाच्या आराखड्यावर सोसायटीला गोदामासाठी मोठी जागा हवी होती तीही त्यालाच.

कारकुनानं वही उघडली. "आजी, गावात तुमची घरं किती?"

"गावात? गावात आमचं एकबी घर न्हाय, साहेब."

"म्हणजे तुम्ही गावात राहत नाही?"

"आमी कशाला गावात ऱ्हावं? गाव तिकडं, वड्याच्या पलीकडं. आमी हितं."

आता हे ऐकून बाहेरचा माणूस हसेल, पण पुतळाबाईनं शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं. बोरनळीत गाव म्हणजे ओढ्याच्या देवळाकडची वस्ती. पिठाच्या गिरणीला निघाली तरी ती सुनेला सांगायची, "गावात जाऊन येते." तिच्या सासूनं तसंच म्हटलं, तिच्या आजेसासूनंही. गावात राहतो असं बौद्धवाड्यातलं माणूस म्हणालं असतं तर दोन्हीकडच्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

कारकून गोंधळला. त्यानं कल्याणप्पाकडं बघितलं. "काय चेअरमन, खरं का?"

कल्याणप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं. "बाई खोटं कशाला बोलंल?"

"आणि ही बंद घरं?"

"ती समदी ऊस तोडाया गेल्यात," पुतळाबाई म्हणाली. कारकुनानं लिहिलं, बाहेरगावी असतात. मग शाईचा पॅड पुढं केला. तिनं तो बाजूला सारला, पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली. तिला त्या सहीचा अभिमान वाटला, हे सांगताना माझ्याच तोंडाला कडू येतं.

दोन महिन्यांनी यादी चावडीच्या भिंतीवर लागली. शाळेतल्या गोरोबा गुरुजींनी ती पुतळाबाईला वाचून दाखवली, दोनदा. तेविसांतलं एकही नाव नव्हतं. शेरा होता, 'गावात वास्तव्य नाही, सबब अपात्र.' हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. उसाचे फड मोडायला महिना होता.

ती तडक सोसायटीत गेली. "अप्पा, मतं मागाया येता तवा आमी गावातलं असतो. प्लॉट वाटताना भाईरचं कसं झालो?"

"तुझ्याच तोंडानं बोललीस, पुतळे. सहीबी तुझी. म्या एक शब्द तरी वंगाळ बोललो का?"

बोलला नव्हता. कुंपणानं शेत खाल्लं होतं आणि एक पानही हललं नव्हतं.

तालुक्याच्या कचेरीत साहेबानं तिचं बोलणं निम्मं ऐकलं. म्हणाला, यादीतला कुणीतरी आणा, ही गावात राहते असं त्यानं इथं सांगितलं तर तेवीसही नावं घालतो. पुतळाबाई वरच्या आळीत दारोदार फिरली. एकाची म्हैस व्याली होती, दुसऱ्याला पाहुणे येणार होते, आणि गोदामाला जागा मिळणार म्हणून तिसरा खुशीत होता. लक्ष्मम्मा मात्र लगेच उठली. "तुज्यासाठी न्हाय यायचं तर कुणासाठी, ग? खडी फोडली आपण."

लोहाऱ्यापर्यंतच्या पायवाटेनं पुतळाबाई तिच्याकडून घोकून घेत होती. "ऱ्हाती का इचारलं तर काय म्हणशील?" "गावात ऱ्हाती म्हणीन की." "पुन्यांदा म्हण." लक्ष्मम्मा पुन्हा म्हणायची. न कंटाळता.

साहेबानं विचारलं, "ह्या बाईला ओळखता?"

"व्हय जी. आमच्या बोरनळीची हाय. पंचवीस वरसं झाली."

"गावात राहते?"

"गावात ऱ्हाती."

पुतळाबाईनं श्वास सोडला. साहेबाच्या मनात वाईट मुळीच नव्हतं काही, पेनचं टोपण काढता काढता त्यानं सहज विचारलं, "म्हणजे तुमच्या शेजारीच ना?"

लक्ष्मम्मा दचकली. कुणी तिच्या घरावर आळ घ्यावा तशी. गळ्यातल्या लिंगाकडं हात गेला. "शिव शिव! शेजारी कशी ऱ्हाईल, साहेब? आमची घरं गावात. ती वड्यापलीकडं, गावाच्या भाईर."

"अवो साहेब, बोरनळी म्हंजे दोन्ही..." पुतळाबाई पुढं झाली. साहेबानं हात वर केला. आजी, तुमचं तुम्ही आधी लिहून दिलंय, तुमच्या साक्षीदारही तेच म्हणतायत, आता मी काय करू? त्यानं टोपण लावलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परतीच्या एसटीत लक्ष्मम्मा खिडकीशी बसली. पदर सारखा करून म्हणाली, "बोलली ना म्या नीट? खोटं न्हाय सांगितलं काय." पुतळाबाईच्या जिभेवर शिव्यांची रास आली होती. बाई खोटं बोलली असती, पैसे खाल्ले असते, कल्याणप्पाला मिळाली असती, तर त्या घालता आल्या असत्या. "न्हाय," ती म्हणाली. "खरंच सांगितलंस." लक्ष्मम्माचं समाधान झालं. लोहारा येईपर्यंत तिला डुलकी लागली.

चैत्रात फड मोडले आणि बिऱ्हाडं परतली. चावडीवरची यादी तोवर वाऱ्यानं फाटली होती, पण बातमी वाटेतच कळलेली. बैलगाड्या सुटायच्या आधी पुतळाबाईच्या अंगणात माणसं जमली. बायका, कोयते तसेच कमरेला असलेले गडी. त्यांना एकच माहीत करून घ्यायचं होतं. मच्छिंद्रानंच आईला विचारलं, "आमी गावात न्हाय ऱ्हात, असं कोण बोललं? निस्तं नाव सांग."

पुतळाबाईनं कल्याणप्पाचं नाव घेतलं नाही, लक्ष्मम्माचंही नाही. तिनं लेकाकडं बघितलं, मग त्याच्यामागं उभ्या बावीस घरांकडं.

"म्या," ती म्हणाली.