रांग कुणामागे

चूक दुसऱ्याची निघाली की या माणसाला सडकून भूक लागायची. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात तो सर्व्हर सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला सर्व्हरवाला म्हणत. नोकरी थोरल्या बहिणीने लावून दिलेली. ताई तिथली जुनी नकाशाकार. आईमागे तिनेच त्याला वाढवलं, त्या नादात तिचं लग्न राहून गेलं. हा विषय तो कधी काढत नसे. काढला की उपकार मानावे लागतात.

नकाशे सगळ्यांचे एकाच सर्व्हरवर. कुणी फाइल उघडली की सर्व्हर तिला कुलूप लावी, म्हणजे एकाच भिंतीवर दोघांनी खोडरबर चालवायला नको. एकदा हा सर्व्हर कुरकुरायला लागला. मोठे साहेब म्हणाले, "कारण शोधा, नाहीतर मी माणूस शोधतो."

त्याने जुनी डिस्क बदलली आणि त्याच दिवशी स्वतः लिहिलेला एक पहारेकरी प्रोग्राम बसवला. कुठलं कुलूप कुणाकडे, हे तो प्रोग्राम क्षणाक्षणाला सर्व्हरला विचारी. सर्व्हर आणखीच रखडला. फाइल उघडायला लावून लोक चहाला जाऊ लागले. पहारेकऱ्याचं उत्तर मात्र रोज एकच: सगळ्यात जास्त वेळ कुलूप धरून बसते ती ताई. दारं-खिडक्यांच्या खुणांची फाइल ती सकाळी उघडायची, ती घरी निघतानाच मिटायची.

"बंद का नाही करत गं?" त्याने घरी विचारलं.

"बारीक अक्षर दिसत नाही रे आता. एकदा मिटली की पुन्हा सापडत नाही. ऑफिसात बोलू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये तो बोलला. पडद्यावर ताईचं कुलूप दाखवलं, डोळ्यांचंही सांगून टाकलं. "घरचं माणूस असलं म्हणून झाकायचं नाही," असंही वर म्हणाला. साहेबांनी पाठ थोपटली. ताई मान खाली घालून टेबलाची कड पुसत राहिली. त्याच आठवड्यात तिला घरी बसवलं. डोळे अधू झालेल्या नकाशाकाराला दुसरीकडे कोण विचारतंय! त्या दिवशी हा दोनदा जेवला.

आणि सर्व्हर? जिथल्या तिथे. तेव्हा कुठे त्याने आधी बघायचं ते बघितलं. कुलूप किती वेळ धरलंय याला अर्थ नसतो, रांग कुणामागे लागलीय ते बघायचं असतं. ताईची फाइल बाकीचे नुसती वाचत, वाचणाऱ्याला तिचं कुलूप अडवतच नव्हतं. जुनं दुखणं डिस्कचं होतं, ते ती बदलल्यावर गेलंच होतं. आता रांग होती पहारेकऱ्यामागे. त्याने विचारलं की सर्व्हर हातातली सगळी कामं थांबवून कुलपं मोजत बसे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर घरचाच.

त्याने पहारेकरी गुपचूप काढला. सर्व्हर सुरळीत धावू लागला. "बघा, एक माणूस हललं आणि कामाला वेग आला," साहेब म्हणाले. याने मान डोलावली.

घरी ताई वाटी डोळ्यांजवळ धरून चाचपत वाढत होती.

"आता नीट चालतं का रे?"

"चालतं."

"म्हणजे माझ्यामुळेच अडत होतं सगळ्यांचं. मला वाटलं होतं, तुझ्या मोजण्यात काही चुकलं असेल."

"तुझ्यामुळेच," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं. "भात वाढ."